सणासुदीच्या दिवसांत टीममधील आपलेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सणासुदीचे दिवस जवळ आले की टीमप्रमुख, मनुष्यबळ विभागातील सहकारी आणि "यंदा आयोजन तुझ्याकडे" असे ऐनवेळी सांगितले गेलेले कर्मचारी यांचे प्रश्न येऊ लागतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीममधील आपलेपणा वाढवायचा म्हणजे नेमके काय करायचे? एक चांगला कार्यक्रम ठेवला की पुरे का?

कार्यक्रम हा यातला सर्वांत जास्त दिसणारा आणि बहुधा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. सहकाऱ्यांमध्ये आपलेपणा आहे याची खूण अशी, की अडचण आली तर माणूस न कचरता दुसऱ्याला फोन करतो, चूक झाली तर ती लपवत बसण्याऐवजी सांगून टाकतो, आणि रजेवर जाताना आपले काम कोणीतरी नीट सांभाळेल अशी त्याला खात्री असते. सणाच्या दिवसांत नेमकी याचीच कसोटी लागते, कारण माणसे कमी असतात, काम तेवढेच असते आणि प्रत्येकाला घरची ओढ असते. म्हणून रजांचे वेळापत्रक हाच सणाचा पहिला कार्यक्रम समजावा (प्रश्न ३ आणि ४). त्यानंतर नेमक्या शब्दांत मानलेले आभार (प्रश्न ९), आणि या दोन्ही गोष्टी झाल्यावर मेळावा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, म्हणूनच मेळावा उत्तम होऊनही दुसऱ्या दिवशी रजेवरून धुसफुस सुरू होते.

२. यासाठी सणाचाच काळ कशाला हवा? वर्षभर का नको?

वर्षभर हवेच. सणाचा काळ वेगळा एवढ्यासाठी, की एरवी संकोचाने न बोलणारा माणूसही या दिवसांत "घरी कोण कोण आहे, कुठे जाणार" असे सहज विचारू शकतो. विचारण्याला निमित्त मिळते. मात्र वर्षभर एकमेकांकडे न पाहणारी टीम दोन तासांत एकजीव होईल, ही अपेक्षा ठेवू नये.

३. तयारी कधी सुरू करावी?

मुख्य सुट्ट्यांच्या आधी आठ ते दहा आठवडे. सुरुवात सजावटीपासून किंवा सभागृहाच्या आरक्षणापासून नको, "कोणाला कोणते दिवस हवे आहेत" या प्रश्नापासून करावी. लांबच्या प्रवासाची तिकिटे लोक बरीच आधी काढतात आणि एकदा तिकीट निघाले की रजा ही विनंती उरत नाही, ती गृहीत धरली जाते. त्यानंतर केलेले वेळापत्रक म्हणजे ज्यांनी तिकिटे काढली नाहीत त्यांना उरलेले दिवस वाटणे होय.

याच सुमारास दुसरे एक काम करावे, आणि ते सहसा कोणी करत नाही: सणाच्या आठवड्यांत येणाऱ्या डेडलाइन एका कागदावर मांडाव्यात आणि त्यांपैकी कोणत्या पुढे ढकलता येतील ते वरिष्ठांशी आणि ग्राहकांशी आधीच बोलून घ्यावे. एक डेडलाइन दहा दिवस पुढे गेली तर टीमला जो मोकळेपणा मिळतो, तो कोणत्याही मेळाव्याने मिळत नाही. ते जमणार नसेल, तर निदान "या आठवड्यात नवे काम स्वीकारायचे नाही" एवढे ठरवून घ्यावे.

४. सगळ्यांनाच एकाच आठवड्यात रजा हवी असते. कोणाला द्यायची आणि कोणाला नाकारायची?

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नावर येतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

प्रचलित पद्धती तीन आहेत आणि तिन्ही सदोष आहेत. सेवाज्येष्ठतेप्रमाणे रजा दिली तर नवा माणूस पहिली चार-पाच वर्षे प्रत्येक सणाला कार्यालयातच असतो. आधी अर्ज करणाऱ्याला आधी रजा, हा नियम वरवर न्याय्य दिसतो, पण ज्यांच्या घरचे बेत उशिरा ठरतात किंवा ज्यांना आपल्या सणाची तारीखच उशिरा कळते, त्यांच्यावर तो अन्याय करतो. मुले असलेल्यांना प्राधान्य देण्याची पद्धत सहृदय वाटते, मात्र तीत एकट्या राहणाऱ्या सहकाऱ्याने वर्षानुवर्षे इतरांच्या घरच्या आनंदाचा भार उचलायचा असतो. त्याचेही आईवडील कोठेतरी वाट पाहत असतात.

मला पटलेली पद्धत अशी. सणाचा काळ तीन-चार तुकड्यांत विभागावा आणि प्रत्येकाकडून पसंतीचा क्रम गुप्तपणे मागवावा. कारण विचारू नये, कारण एकदा कारणे तोलायला बसलो की कोणाचे घरगुती दुःख मोठे, याचा निवाडा प्रमुखाच्या गळ्यात पडतो. मागच्या वर्षी ज्यांनी ऐन सणाच्या दिवशी काम केले, त्यांना यंदा पहिली निवड द्यावी, आणि हे कोणाच्या आठवणीवर न सोडता नोंदवहीतून पाहावे (प्रश्न २०). वेळापत्रक लागल्यावर आपसांत अदलाबदल करण्याची मुभा असावी, पण तीही लिहून ठेवावी.

असे केल्यावर अनेकदा लक्षात येते की "सगळ्यांना तोच आठवडा हवा" ही समजूत पूर्णपणे खरी नव्हती. कोणाला सणाचा आदला दिवस हवा असतो, कोणाला नंतरचे चार दिवस, कोणाला मुलांच्या शाळेची सुट्टी सुरू होते ती तारीख, तर कोणाला गर्दी ओसरल्यावर जायचे असते. विचारले नव्हते एवढेच. उरलेल्या खऱ्याखुऱ्या पेचांसाठी सर्वांसमोर चिठ्ठी टाकावी. आणखी एक गोष्ट: प्रमुखाचे नावही त्याच यादीत, त्याच नियमाने असावे. दरवर्षी साहेबांची रजा यादीबाहेर मंजूर होत असेल, तर यादी कितीही न्याय्य असली तरी तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा जादा मोबदला आणि बदली रजा यांचे नियम देशागणिक आणि आस्थापनेगणिक वेगळे असतात. ते मनुष्यबळ विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय कोणालाही तोंडी शब्द देऊ नये.

५. कार्यक्रम कार्यालयीन वेळेत ठेवावा की संध्याकाळी?

कार्यालयीन वेळेत ठेवावा. संध्याकाळचा कार्यक्रम ऐच्छिक आहे असे कितीही सांगितले, तरी ज्याला लहान मूल पाळणाघरातून आणायचे आहे, ज्याला शेवटची गाडी गाठायची आहे किंवा ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, त्याला "न येणारा" म्हणून ओळखले जाण्याची धास्ती असतेच. दुपारचे दोन तास, त्या वेळी कामाची अपेक्षा नाही हे स्पष्ट सांगून आणि ठरल्या वेळी संपवून दिले, तर ते संध्याकाळच्या पाच तासांपेक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहतात. आणि हे दोन तास "नंतर भरून काढा" असे म्हणू नये.

६. कार्यक्रमात सगळे आपापल्या घोळक्यात उभे राहतात. ते एकमेकांत मिसळावेत यासाठी काय करावे?

प्रथम हे मान्य करावे की घोळके होणे ही तुमच्या आयोजनातील चूक नाही. कोलंबिया विद्यापीठातील पॉल इनग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका मेळाव्यात आलेल्या उद्योगक्षेत्रातील मंडळींना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कोणाशी किती बोलतो याची नोंद घेतली. नवी माणसे भेटावीत म्हणूनच आलो आहोत असे बहुतेकांनी आधी सांगितले होते, प्रत्यक्षात मात्र ते आधीपासून ओळखीच्या माणसांशीच अधिक बोलले. इच्छा असूनही हे घडते, त्यामुळे "मिसळा, मिसळा" असा आग्रह धरून उपयोग नाही.

२०१३ मध्ये ट्रेसी डुमास, कॅथरीन फिलिप्स आणि नॅन्सी रॉथबार्ड यांच्या संशोधनातून याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. कंपनीच्या मेळाव्यांना जाणे आणि स्वतःविषयी मोकळेपणाने बोलणे यांमुळे सहकाऱ्यांतील जवळीक वाढते खरी, पण ती मुख्यतः आपल्याच वंशाच्या माणसांच्या बाबतीत वाढते. जेथे सहकारी वेगळ्या वंशाचे होते, तेथे तोच परिणाम दिसला नाही. याचा अर्थ असा, की केवळ मेळावा भरवला तर जी माणसे आधीच जवळ आहेत ती आणखी जवळ येतात आणि कडेला उभा असलेला माणूस कडेलाच राहतो.

उपाय साधा आहे: लोकांना उभे ठेवू नये, काहीतरी करायला द्यावे, आणि गट चारचा ठेवावा. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणानुसार गप्पांचा एक गट साधारण चार माणसांपर्यंत टिकतो. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पांचे दोन प्रवाह होतात. चौघांच्या टेबलावर गप्प बसणाऱ्यालाही बोलण्याची पाळी येते आणि बाराच्या टेबलावर दोघे बोलतात, बाकीचे ऐकतात. चौघांची निवड चिठ्ठ्यांनी करावी आणि त्यांना एकत्र करायचे छोटे काम द्यावे, उदाहरणार्थ वर्षभरातील छायाचित्रांतून दहा निवडून त्यांना मथळे देणे. हात गुंतले की जीभ सैल होते.

७. खेळ ठेवावेत का? काही जणांना ते आवडतात, काही जण कारण काढून बाहेर जातात.

ठेवावेत, पण कोणाला सर्वांसमोर एकट्याने उभे करणारे नकोत. गाणे म्हणायला लावणे, नक्कल करायला लावणे, "तुमची एक लाजिरवाणी आठवण सांगा" अशी गळ घालणे यांतून हशा होतो, पण जो लाजाळू माणूस त्या दिवशी बळी जातो तो पुढच्या वर्षी रजा टाकतो. जवळीक कशी निर्माण होते यावर आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना प्रश्नांचा एक संच दिला होता. त्याचे मर्म असे, की प्रश्न हळूहळू खोल जात होते आणि दोघेही आळीपाळीने उत्तर देत होते. कार्यालयात तितके खोल जाण्याची गरज नाही, पण त्यातील दोन तत्त्वे घ्यावीत: दोघांनीही सांगायचे, आणि सुरुवात हलक्या विषयाने करायची. "तुमचे पहिले काम कोणते होते?" हा प्रश्न माझ्या अनुभवात कधीच फसला नाही.

८. चिठ्ठ्या टाकून भेटवस्तूंची अदलाबदल करावी का? खर्चाची मर्यादा किती असावी?

मर्यादा टीममध्ये सर्वांत कमी वेतन असलेल्या सहकाऱ्याला विचार न करता परवडेल एवढी असावी, आणि ती किमान नव्हे तर कमाल मर्यादा असल्याचे स्पष्ट लिहावे. सहभाग ऐच्छिक असावा. त्यासाठी "कोण नाही?" असे न विचारता "कोणाला आवडेल?" असे विचारून नावे थेट आयोजकाकडे मागवावीत. सर्वांसमोर फिरणाऱ्या यादीत भिडेखातर नाव लिहिले जाते.

भेट काय द्यावी, याबाबत अर्थशास्त्रज्ञांचे निरीक्षण थोडे कडवट आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला, तेव्हा भेट घेणाऱ्याच्या दृष्टीने वस्तूचे मोल तिच्या किमतीपेक्षा दहा टक्के ते एक तृतीयांशाने कमी भरते असे त्यांना आढळले. फ्रँचेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, आपण स्वतः सुचवलेली वस्तू मिळाली तर घेणाऱ्याला अधिक आनंद होतो, देणारा मात्र आश्चर्यचकित करण्याच्या नादात असतो. तेव्हा प्रत्येकाने चिठ्ठीवर नावाखाली तीन लहानसहान आवडी लिहाव्यात. यात गंमत कमी होते अशी तक्रार येते. टेबलाच्या खणात पडून राहणाऱ्या वस्तूंची गंमत तरी किती असते?

वरिष्ठांसाठी वर्गणी काढून भेट देण्याची प्रथा असेल तर ती वरिष्ठांनी स्वतःच थांबवावी, कारण कनिष्ठांना ती थांबवता येत नाही.

९. खर्च न करता काही करता येईल का?

येईल, आणि ते बहुतेकदा सर्वांत परिणामकारक ठरते: नेमके, लिहिलेले आभार. नेमके याचा अर्थ "वर्षभराच्या परिश्रमांबद्दल धन्यवाद" नव्हे. एका सहकाऱ्याच्या कीबोर्डखाली मी एक चिठ्ठी पाहिली होती. घडी पडून पडून तिचा कागद मऊ झाला होता. तिच्यावर दोनच ओळी होत्या: "त्या दिवशी ग्राहकाचा फोन तू घेतलास आणि चूक माझी असून माझे नाव मध्ये येऊ दिले नाहीस. मला ते माहीत आहे." लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, चिठ्ठी मात्र जागेवर होती.

अशा चिठ्ठ्या लोक लिहीत का नाहीत, याचे उत्तर अमित कुमार आणि निकोलस एप्ले यांच्या २०१८ मधील संशोधनात सापडते. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटते की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडल्यासारखे होते आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त होतो. २०१० मध्ये ॲडम ग्रँट आणि फ्रँचेस्का जिनो यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात, विद्यापीठासाठी देणग्या गोळा करणाऱ्यांच्या एका गटाला संचालकांनी स्वतः भेटून आभार मानले, तेव्हा पुढच्या आठवड्यात त्या गटाने केलेल्या फोनची संख्या ५० टक्क्यांहून अधिक वाढली. अर्थात फोन वाढावेत म्हणून आभार मानले तर ते ऐकणाऱ्याला लगेच कळते, हे सांगायला संशोधन लागत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते असे: प्रत्येकाला चिठ्ठीने एक नाव द्यावे, त्या व्यक्तीने वर्षभरात केलेली एक विशिष्ट गोष्ट आठवून लिहायला एक आठवडा द्यावा आणि चिठ्ठी बंद पाकिटात पोहोचवावी. सर्वांसमोर वाचून दाखवण्याची सक्ती नको.

१०. आमची टीम वेगवेगळ्या देशांत आहे आणि पडद्यावरच भेटते. आम्ही काय करावे?

प्रत्यक्ष मेळाव्याची पडद्यावर नक्कल करू नये. चाळीस जणांच्या कॉलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेली चारची मर्यादा तेथे अधिकच जाचक होते. पंचेचाळीस मिनिटांचा कॉल, त्यातील अर्धा तास चौघांच्या छोट्या खोल्यांत, आणि कॅमेरा सुरू ठेवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर, एवढे पुरते.

वेळेची गैरसोय आळीपाळीने वाटून घ्यावी. दरवर्षी मुख्यालयाच्या दुपारी कॉल ठेवला तर कोणीतरी कायम मध्यरात्री उठून शुभेच्छा देत असतो. काही देशांत घड्याळे वर्षातून दोनदा तासाने मागेपुढे होतात, तेव्हा जुने निमंत्रण तसेच पाठवू नये, वेळ पुन्हा तपासावी. अर्धे लोक एका खोलीत आणि अर्धे पडद्यावर असतील, तर खोलीतल्यांनीही आपापल्या संगणकावरून सामील व्हावे. नाहीतर पडद्यावरची मंडळी दुसऱ्यांचा समारंभ पाहत बसतात.

११. टीममध्ये वेगवेगळ्या धर्मांचे लोक आहेत, काही जण कोणताच सण मानत नाहीत. कोणाला परके वाटू नये यासाठी काय करावे?

"सर्वांचे सर्व सण साजरे करू" हा उत्साह दोन-तीन सणांनंतर मावळतो आणि ज्यांचा सण चौथा असतो त्यांच्या वाट्याला नुसता एक संदेश येतो. त्यापेक्षा वर्षअखेर, एखाद्या मोठ्या कामाची समाप्ती किंवा टीमच्या स्थापनेचा दिवस, असे सर्वांचे निमित्त निवडावे आणि धार्मिक सणांसाठी खरी सोय, म्हणजे रजा आणि मोकळा दिवस, द्यावी.

सामाईक दिनदर्शिकेत प्रत्येकाने आपले महत्त्वाचे दिवस स्वतः नोंदवावेत. पूर्णपणे चांद्र कालगणनेवर चालणारे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात, त्यामुळे मागच्या वर्षीची दिनदर्शिका पुढे चालवून उपयोग नाही. काही सणांची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, तेव्हा अशा सहकाऱ्याच्या रजेत एक दिवस मागेपुढे होण्याची मोकळीक ठेवावी. उपवासाच्या महिन्यात जेवणाभोवती फिरणारा कार्यक्रम नको. आणि एखाद्याला "तुमच्या धर्माविषयी सर्वांना सांगा" असे म्हणून प्रतिनिधी बनवू नये. सांगावेसे वाटले तर तो आपणहून सांगेल.

१२. सणाच्या दिवशी काही जणांना ड्युटीवर राहावेच लागते. त्यांना यात कसे सामावून घ्यावे?

रुग्णालये, नियंत्रण कक्ष, वाहतूक, ग्राहकसेवा, सुरक्षा या ठिकाणी हा अपवाद नसून नियम आहे. एका वर्षी आमच्या कार्यक्रमाचे सामूहिक छायाचित्र रात्री साडेनऊला ग्रुपवर पडले. खाली मी मथळा दिला होता, "आपली संपूर्ण टीम!" तिघे त्या वेळी पाळीवर होते. त्यांच्यापैकी एकाने अंगठ्याची खूण टाकली, दुसरे दोघे काहीच बोलले नाहीत. सकाळी नोंदवही उघडली तेव्हा रात्रीची शेवटची नोंद होती, "२२:४०, सर्व सुरळीत." हस्ताक्षर नेहमीसारखेच नीटनेटके होते. "संपूर्ण" हा शब्द मी त्यानंतर जपून वापरतो.

तेव्हापासून पाळलेले नियम सांगतो. कार्यक्रम दोन वेळा करावा, दोन्ही पाळ्यांसाठी, आणि दुसरा हा पहिल्याचा उरलासुरला भाग नसावा. ते जमत नसेल तर ड्युटीवरच्यांना तासभर मोकळे करायला प्रमुखाने किंवा कार्यालयातील इतर कोणी स्वतः जागेवर बसावे. सणाच्या दिवशी प्रमुखाने अर्धा तास तरी प्रत्यक्ष येऊन जावे, ते शक्य नसल्यास फोन करावा, आणि त्या फोनवर कामाविषयी एक शब्दही काढू नये. घरी असलेल्यांनी ड्युटीवरच्या माणसाला टाळता येण्याजोगे प्रश्न विचारू नयेत आणि ड्युटीवरच्याला घरच्यांना फोन करावा लागू नये, यासाठी काम सोपवण्याची एक पानी नोंद आधीच तयार असावी: काय अर्धवट आहे, कोणाचा फोन येऊ शकतो, अडचण आल्यास पहिले कोणाला उठवायचे.

१३. एखाद्या सहकाऱ्याला सहभागी व्हायचेच नसेल तर? त्याच्या घरी नुकतेच काही दुःखद घडले असेल तर?

नाही म्हणण्याचा मार्ग कारणाशिवाय आणि सोपा असला पाहिजे. "मला जमणार नाही" याला "ठीक आहे" एवढेच उत्तर असावे. दुःखात असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन चुका होतात: त्याला त्रास नको म्हणून निमंत्रणच न देणे, किंवा मन रमेल म्हणून आग्रह करणे. एकाने, ज्याच्याशी त्याचे खरोखर जमते त्याने, एकांतात विचारावे: "कार्यक्रम आहे, यायचे की नाही हे त्या दिवशी ठरवलेस तरी चालेल. मध्येच निघालास तर मी सांभाळून घेईन." त्या दिवशी कार्यालयात शांतपणे काम करत बसणे हाही काहींना आधार असतो.

१४. कार्यक्रमात मद्य असावे का?

नसावे. जे पीत नाहीत त्यांचा संकोच, जे जास्त पितात त्यांचे वर्तन आणि परतीचा प्रवास, या तिन्हींची जबाबदारी आयोजकावर येते. संस्थेचा आग्रहच असेल, तर प्रमाण ठरवून द्यावे, मद्यविरहित पेये तितकीच चांगली ठेवावीत आणि घरी पोहोचण्याची सोय आधी करावी.

१५. मी टीमप्रमुख आहे. मी शेवटपर्यंत थांबावे का?

सुरुवातीला सर्वांच्या आधी यावे, खुर्च्या मांडायला हात लावावा, प्रत्येकाशी दोन मिनिटे बोलावे आणि संपण्याआधी अर्धा तास निघावे. भाषण दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि त्यात पुढच्या वर्षीची उद्दिष्टे सांगू नयेत.

१६. कंत्राटी कर्मचारी, सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांना बोलवावे का? कागदोपत्री ते आमचे कर्मचारी नाहीत.

बोलवावे. रोज सकाळी दार उघडणाऱ्या माणसाला कार्यक्रमाच्या दिवशी फक्त खुर्च्या उचलायला बोलावणे यासारखे ओशाळवाणे दुसरे काही नाही. अडचण येते ती पाळीच्या वेळेची, मोबदल्याची आणि भेटवस्तूंच्या नियमांची. त्यासाठी त्यांच्या ठेकेदाराशी किंवा पुरवठादार संस्थेशी आधी बोलून, तो वेळ कामाचाच धरला जाईल याची लेखी खात्री करून घ्यावी. निमंत्रण त्यांच्या नावाने द्यावे, "हाउसकीपिंग स्टाफ" अशा घाऊक नावाने नको.

१७. नुकतीच नोकरकपात झाली आहे. अशा वर्षी काही करावे की नाही?

झगमगाट नको, पण शांतताही नको. कपातीनंतर उरलेल्यांच्या मनात भीती, अपराधीपणा आणि गेलेल्यांचे वाढीव काम असे तिन्ही असते, आणि अशा वेळी महागड्या मेळाव्याचे निमंत्रण आले तर पहिला प्रश्न मनात येतो तो "हे पैसे कोणाच्या पगाराचे?" हाच. प्रमुखाने छोट्या बैठकीत जे घडले ते नावानिशी मान्य करावे, गेलेल्या सहकाऱ्यांच्या कामाचा आदराने उल्लेख करावा आणि पुढे काय होणार याविषयी जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. त्या वर्षी प्रश्न ३ मधील डेडलाइन पुढे ढकलणे आणि प्रश्न ९ मधील चिठ्ठ्या, एवढे भरपूर आहे. गेलेल्या सहकाऱ्यांना व्यक्तिशः शुभेच्छा पाठवायला कोणाची मनाई नसते, आणि लोक ते लक्षात ठेवतात.

१८. दरवर्षी आयोजन एकाच व्यक्तीवर पडते. हे कसे बदलावे?

"तुला छान जमते" हे वाक्य कौतुकाचे वाटते आणि बिनपगारी कामाचे निमित्त बनते. बऱ्याच ठिकाणी ही व्यक्ती स्त्री असते, आणि तो योगायोग नाही. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कामाने बढती मिळत नाही असे काम स्त्री-पुरुषांच्या संमिश्र गटात स्त्रिया अधिक वेळा पत्करत होत्या आणि त्यांनाच ते अधिक वेळा सांगितले जात होते. गटात फक्त पुरुष असले की तेही तेवढ्याच तयारीने पुढे येत होते. म्हणजे प्रश्न स्वभावाचा नसून अपेक्षेचा आहे. "कोण करणार?" असे विचारून थांबू नये, नावे पाळीने लावावीत, दोघांची जोडी करावी, आणि या कामाचे तास वार्षिक मूल्यमापनात धरावेत.

१९. दोन सहकाऱ्यांत अबोला आहे. या निमित्ताने त्यांना एकत्र आणावे का?

मुद्दाम एका गटात घालून सर्वांसमोर हस्तांदोलन करायला लावू नये. ते त्या दिवशी हसतील आणि नंतर दोघेही तुमच्यावर रागावतील. अबोल्याचे कारण बहुधा कामाच्या वाटणीत किंवा श्रेयाच्या वाटणीत असते, आणि ते सणाआधी, बंद दाराआड, दोघांशी वेगवेगळे बोलूनच सुटते. त्यांच्यासाठी एवढेच करावे की त्यांना एकाच पाळीवर अडकवू नये आणि वेगळेही दिसू देऊ नये.

२०. सुट्ट्या संपल्यावर काय करावे? याचा उपयोग झाला की नाही हे कसे कळते?

समाधानाचे गुण मागणाऱ्या प्रश्नावलीला लोक भिडेखातर चांगली उत्तरे देतात. त्याऐवजी पुढच्या महिन्यात दोन गोष्टी पाहाव्यात. जी माणसे पूर्वी तुमच्यामार्फतच एकमेकांशी बोलत होती, ती आता परस्पर बोलू लागली आहेत का? आणि रजेवर असलेल्यांना किती वेळा फोन करावा लागला? पहिला आकडा वाढला आणि दुसरा घटला, तर काहीतरी साधले आहे.

पहिल्या कामाच्या दिवशी कोणालाही नवे काम देऊ नये. परतलेल्याने सांभाळणाऱ्याकडून काम परत घ्यावे, त्याचे आभार मानावेत आणि काय अडले ते ऐकावे. यासाठी दोघांना अर्धा तास मोकळा ठेवावा. त्याच आठवड्यात, आठवणी ताज्या असताना, नोंदवहीत लिहून ठेवावे: ऐन सणाच्या दिवशी कोण पाळीवर होते, कोणी कोणासाठी अदलाबदल केली, कोणाची पहिली पसंती हुकली. पुढच्या वर्षीचे वेळापत्रक करताना सर्वांत आधी हे पान उघडायचे आहे.